न जळलेला बडग्या

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी मन मोठं करीन म्हणून कोणी वाट पाहत बसायला नको. आमच्या घरात मन मोठं करायचं काम बाबांकडे होतं. मी आईवर गेले. आईच्या डोक्यात एकदा कोणी बसला की तो तिथून उठायचा नाही.

आर्वीला बाजारगल्लीत आमचं कटपीसचं दुकान. ब्लाउजपीस, शर्टपीस, अस्तर, शाळेच्या ड्रेसचं खाकी. वर्षातले बरेच महिने बाबा चारचौघांसारखे दुकानदार असायचे. गिऱ्हाइकापुढे थान उलगडायचे, कापड मोजायचे, वर बोटभर जास्त सोडायचे. पण राखी झाली की त्यांचं दुकानातलं लक्ष उडायचं. मागच्या खोलीत बांबूच्या कमच्या यायच्या, भाताची तणीस, म्हणजे वाळलेला पेंढा, यायची, जुनी पोती यायची, आणि वर्षभर जमवलेल्या चिंध्यांचं गाठोडं सुटायचं. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "लागलं याइले!" म्हणजे बाबांना बडग्या लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत काढतात. दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, "ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत शिवेपर्यंत जायचं, आणि सगळं तिथं टाकून यायचं. तिच्यासोबत बडग्या निघतो. बडग्या म्हणजे पुतळा, ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचा. नागपूरचे बडगे मोठाले, त्यात मंत्रीसंत्री असतात. आमच्या गल्लीचा बडग्या गल्लीतल्याच कोणाचा असायचा. मला कळायला लागलं तेव्हापासून तो एकट्या बाबांनीच केला.

त्याचे नियमही बाबांचेच. ज्याचा बडग्या, त्याचाच सदरा. चोरून आणलेला चालायचा नाही. बाबा स्वतः त्याच्या घरी जायचे, पाणी प्यायचे आणि तोंडावर म्हणायचे, "एक जुना सदरा द्या. पोळ्याले पाह्यजे." बस, एवढंच. समोरचा समजून जायचा. नाही म्हटलं तर गल्ली म्हणणार, पाहा, याच्या मनात पाप आहे. म्हणून शिव्या देत का होईना, लोक द्यायचे. एका मास्तरांनी तर चांगला कडक इस्त्रीचा सदरा दिला होता. फाटक्यात आपण बरे दिसणार नाही म्हणाले.

मग बाबा शिवायला बसायचे. चेहरा रंगवायचे नाहीत, कापडाचे तुकडे जोडून करायचे. काळ्या मखमलीच्या भुवया, गुलाबी अस्तराचे गाल. आणि शिवता शिवता त्याच्याशी भांडायचे. आपली बाजू आपल्या आवाजात आणि त्याची बाजू त्याच्या आवाजात. त्याची बाजूही इमानानं मांडायचे हो! कधीकधी तोच जिंकायचा. एका वर्षी असं भांडता भांडता बाबांनी सुई खाली ठेवली, म्हणाले, "बरोबर हाय लेकाचं," आणि सगळी शिवण उसवून टाकली. त्या वर्षी बडग्या निघालाच नाही आणि पोट्टे बाबांवर चिडले.

शिवेवर बडग्या पेटवला की सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि मागं वळून न पाहता घरी यायचं. मागं पाहिलं तर जे टाकलं ते पुन्हा पाठीशी लागतं. संध्याकाळी ज्याचा बडग्या जळाला तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि बाबा त्याला दुकानातला नवा शर्टपीस द्यायचे. जुना सदरा गेला, नवा आला. त्यानंतर त्या भांडणाचं कोणी नाव काढायचं नाही. "जळालं का संपलं," बाबा म्हणायचे. खरंच संपायचं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट, माझं लग्न व्हायचं होतं. आमच्या समोर भांड्यांचं दुकान होतं, ते बाबांच्या लहानपणच्या दोस्ताचं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एकाच बाकावर शिकलेले आणि एकाच दिवशी शाळेतून पळालेले हे दोघं. त्या वर्षी काकांनी दुकानापुढचा ओटा वाढवला, उंच केला, आणि पावसाचं सगळं पाणी आमच्या दुकानात शिरलं. कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजले. बाबा बोलायला गेले तर काका म्हणाले, "पाण्याले का मी सांगतलं, तिकडं जाय म्हणून?" झालं. दोघांचं बोलणं बंद.

राखीनंतर बाबा रस्ता ओलांडून समोर गेले. मी दारातून पाहत होते.

"एक जुना सदरा दे. पोळ्याले पाह्यजे."

"माहा?"

"तुहाच."

काका जिना चढून वर गेले आणि त्यांचा निळ्या रेघांचा सदरा घेऊन आले. सणासुदीला घालायचे तोच. बाबांच्या अंगावर फेकला आणि म्हणाले, "पोट मोठं करशीन तं याद राखजो!" बाबांनी पोट मोठंच केलं.

हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं, कारण दोनच दिवस आधी तो आला होता. पुण्या-मुंबईकडचा, गाडी घेऊन, कॅमेरा घेऊन, सोबत दोन माणसं घेऊन. कोणाला ठाऊक नसलेले, जगावेगळे, थोडे सटक कलावंत शोधून त्यांच्यावर पिक्चर काढायचे हा त्याचा धंदा. गल्लीनं त्याचं नाव शूटिंगवाला ठेवलं, मीही तेच ठेवते. त्यानं बाबांना आधीच्या लोकांचे फोटो दाखवले. एक माणूस विहिरीच्या आतल्या भिंतीवर चित्रं काढायचा, एक बाई सायकलच्या ट्यूबचे पक्षी करायची. बाबा ते फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. "अरे, हे तं माह्यासारखेच हायेत!" म्हणाले. जन्मभर गल्लीत बाबांसारखं कोणी नव्हतं. आता त्यांना भाऊबंद सापडले होते. म्हणूनच तर मला त्याचा इतका संताप येतो.

तो आमच्याच घरी राहिला. आईला आई म्हणायचा, मला ताई. कोथिंबिरीची सांबारवडी खाऊन बोटं चाटायचा आणि "आई, ही चव जगात कुठे नाही" म्हणायचा. आई खुलायची. आम्ही त्याला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी वाढली, तूप वाढलं. मी माझ्या हातानं वाढलं. बाबा शिवता शिवता काकांशी भांडायचे, मध्येच काकूंचाही आवाज काढायचे, ते त्यानं तासन्‌तास टिपलं. बाबा लाजायचेसुद्धा नाहीत, त्याच्यासमोर मोकळे होते.

एकदा तो म्हणाला, "बाबा, इतकं सुंदर काम जाळून टाकायचं? एखादं तरी ठेवा."

बाबा हसले. "नाई जाळला तं मंग केला कायले?"

सकाळी मारबत निघाली. निळ्या रेघांचा सदरा, पोटाशी बांधलेली पितळी परात, पायाखाली ओट्याची फळी. अख्खी गल्ली हसत होती. काका आपल्या ओट्यावर उभे राहून स्वतःच्या बडग्याला नमस्कार करत होते. शिवेवर बाबांनी बडग्या उभा केला, तणशीला काडी लावली, ज्वाळ वर आली. "ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" आणि आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. म्हातारे, बाया, लेकरं, सगळे. कॅमेरेवाले मागे राहिले. त्यांना आणखी थोडं शूटिंग घ्यायचं होतं आणि ते काही आमच्या गल्लीचे नव्हते, त्यांना नियम लागू नव्हता. आमच्या मनात काहीही आलं नाही. पाहुणा होता तो.

संध्याकाळी काका जेवायला आले. बाबांनी त्यांना मोतिया रंगाचा शर्टपीस दिला. काकांनी तो दुसऱ्याच दिवशी शिवायला टाकला, आणि ओट्याच्या बाजूनं पाणी जायला स्वतः नाली खणून दिली. शूटिंगवाला आईच्या पाया पडून निघून गेला. गाडीवर ताडपत्री बांधली होती. पावसाचे दिवस, ताडपत्री तर बांधणारच ना!

मग माझं लग्न झालं, मी वर्ध्याला नालवाडीत राहायला आले आणि घरीच ब्लाउज शिवायला लागले. त्यानंतर काही दिवसांनी निरोप आला की बाबांचा पिक्चर टीव्हीवर लागणार आहे. मी आर्वीला गेले. टीव्ही मोठा होता काकांचा, दुकानातच ठेवलेला. सगळी गल्ली तिथं जमली. काकांनी मोतिया सदरा घातला होता, सगळ्यांना चहा पाजत होते आणि म्हणत होते, "आज आमची जोडी हिरो हाय!"

पिक्चर सुरू झाला. बाबा दिसले. एकटेच बोलताना दिसले, मागे कसलंतरी भुताटकीचं संगीत. बाबा बाईसारखा आवाज काढतात, बाबा ओरडतात, बाबा मध्येच हसतात. कोणाशी बोलतात, कशासाठी बोलतात, त्याचा पत्ता नाही. सदरा मागायला जाणं नाही. जेवण नाही, शर्टपीस नाही, काका तर कुठंच नाहीत. नुसता एक वेडा माणूस आणि त्याची बाहुली. गल्लीतले लोक आधी हसले, मग खाली पाहू लागले. आई पदर तोंडाला लावून बसली होती.

शेवटी शीव आली. बाबांनी काडी लावली. आमच्या सगळ्यांच्या पाठी दिसल्या, आम्ही लांब लांब जाताना. आणि त्याचा आवाज आला, मोठ्या अभिमानानं. गावकरी अंधश्रद्धेपोटी मागे वळून पाहत नाहीत, त्यामुळे ओलं पोतं टाकून ही कलाकृती वाचवता आली, असं तो सांगत होता. मग एक चकचकीत हॉल दिसला, दिवे, वाइनचे ग्लास घेतलेली माणसं, आणि मधोमध काका. निळ्या रेघांचा सदरा, पोटावर परात. एक पाय तेवढा जळला होता.

काकांनी उठून टीव्ही बंद केला. "चहा घ्या," म्हणाले, पण कोणी घेतला नाही.

संध्याकाळी ते आमच्या दुकानात आले. मोतिया सदरा काढून त्याची घडी केली होती. ती घडी काउंटरवर ठेवली.

"म्हणजे मी अजून जळलोच नाई."

बाबा म्हणाले, "म्या पेटवलं होतं बे. तुह्यासमोर पेटवलं."

"पेटवलं. जळताना पाह्यलं का?"

 कोणीच पाहिलं नव्हतं.

"सारी दुनिया माह्या पोटावर हसून राह्यली तिकडं," काका म्हणाले. "मी तुले सदरा देल्ला होता जाळाले. लोकाइले दाखवाले नाई." आणि निघून गेले.

बाबांनी तो मोतिया सदरा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. तिथून पुढं दोघं समोरासमोर बसायचे, मध्ये फक्त रस्ता, आणि दिवसभर एकमेकांकडे पाहायचे नाहीत. वर्षं गेली अशी. गिऱ्हाईक नसलं की बाबा मीटरपट्टी पुसत बसायचे. राखी यायची, पोळा यायचा, बाबा कमच्याही आणायचे नाहीत. आई म्हणायची, "करा ना एखादा." बाबा म्हणायचे, "कोन देईन मले सदरा आता?" बाबांना पैसा नको होता, नाव नको होतं. तो पुतळा परत यावा, आपल्या हातानं जळावा, आणि समोरच्या माणसानं पुन्हा जेवायला यावं, एवढंच हवं होतं.

मी एसटीडीवरून शूटिंगवाल्याला फोन लावला. गोड बोलला मेला. "ताई, समजून घ्या. बाबा अशा कितीतरी गोष्टी जाळत आले, माझ्या पोटात तुटतं. मी एक तरी वाचवली."

"काकाइचा सदरा आहे तो," मी म्हटलं.

"कोणाचा?"

कोणाचा! आमच्या घरी जेवला, त्या ओट्यावर बसून त्याच काकांचा चहा प्यायला, आणि कोणाचा! मी फोन आपटला. बूथवाला म्हणाला, "वहिनी, हळू."

त्यानंतर तो वर्ध्यालाच आला. एका सभागृहात त्याचे पिक्चर दाखवणार होते आणि सत्कार होता. मी पिशवी घेऊन गेले. बाबांना सांगितलं नाही. त्याच्या गळ्यात सुताचा हार होता, अंगात खादीची बंडी, केस पिकून रुबाबदार झाला होता. बाबांचा पिक्चर पुन्हा लागला. लोक पुन्हा हसले, आणि मी माझ्या बापाला हसणाऱ्या लोकांमध्ये बसून राहिले. मग तो आपल्या मातीतली माणसं, आपली कला, असं पुष्कळ बोलला. प्रश्न विचारा म्हणाला.

मी उभी राहिले. "मी त्यांची मुलगी. आमचा बडग्या परत द्या."

त्यानं हात जोडले. लोकांकडे पाहून म्हणाला, "या भावनेचा मी आदर करतो. पण ताई, मी ते वाचवलं. नाहीतर आज काय उरलं असतं?" टाळ्या पडल्या.

 मी पुढं गेले, स्टेजपाशी उभी राहिले आणि बाबांच्या आवाजात म्हटलं, "एक जुनी बंडी द्या. पोळ्याले पाह्यजे."

त्याला कळलं नाही. बाबांनी सदरा मागताना त्यानं स्वतः शूटिंग केलं होतं, आणि कापून फेकून दिलं होतं. जे आपण फेकतो ते कशाला ध्यानात राहतं! त्याला वाटलं, भक्त आली. "बाबांना माझी भेट," म्हणत त्यानं अंगातली बंडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. पुढच्या रांगा टाळ्या वाजवत होत्या. मागच्या रांगांत आमच्याकडचे लोक होते. तिथून अल्लीपूरचा एक म्हातारा मोठ्यानं बोलला, "देल्ली लेका त्यानं!" आणि मागच्या मागं हशा पिकला. तोही हसला, बिचारा.

घरी येऊन शिवायला बसले. बाबांसारखीच त्याची बाजू त्याच्या आवाजात मांडली. तो म्हणाला, मी तुमच्या बापाला जगाला दाखवलं. मी म्हटलं, वेडा करून दाखवलं. तो म्हणाला, जाळलं असतं तर काय राहिलं असतं? मी म्हटलं, काका राहिले असते. तो म्हणाला, आणि उद्या बाप गेल्यावर काय राहील, ताई? तिथं मी दोरा दातानं तोडला. पण शिवण उसवली नाही. बाबा उसवू शकत होते, ते बाबा होते.

मुंडकं मी उलटं बसवलं. बंडी पुढून, तोंड मागं. सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा मागं पाहणारा हा एकटाच. खांद्यावर बिस्किटाच्या डब्याचा कॅमेरा. आर्वीला नेला तेव्हा आईनं आपणहून स्टीलचं ताट आणून दिलं, "यातच जेवला तो मेला," म्हणाली. ते ताट मी त्याच्या हाताला शिवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या आर्वीच्या गल्लीतून निघाला. कोणाला सांगावं लागलं नाही. "मागं पाह्य बे, मागं पाह्य!" असं पोट्टे ओरडत होते. काका त्यांच्या ओट्यावर होते. ते उलटं मुंडकं समोर आलं आणि काका पोट धरून हसले. इकडून बाबाही हसले. त्या हसण्यात दोघांची नजर एक झाली, कितीतरी वर्षांनी. मला वाटलं, आता उठतात. पण दोघांनीही मान खाली घातली.

शिवेवर बाबांनी काडीपेटी काढली. मी त्यांचा हात धरला.

"आधी आपला येऊ द्या. मंग याले जाळू."

"तसं नसते पोरी."

"त्यानं काकाइले उभं ठेवलं ना? मी त्याले उभं ठेवते."

 "बडग्या ठेवाचा नसते वं," बाबा म्हणाले. "ठेवला का तो घरातलाच होते."

"होऊ द्या," मी म्हटलं, आणि बडग्या उचलून शिवेच्या आत परत आणला. असं कधी कोणी केलं नव्हतं. बाया कुजबुजल्या, "माय वं!" आर्वी डेपोवर कंडक्टर म्हणाला, "याचं फुल लागीन." मी फुल तिकीट काढलं आणि त्याला खिडकीशी बसवून वर्ध्याला आणला.

काका आजारी पडले, अंथरुणाला लागले, तेव्हा मी पुन्हा फोन केला. मानी बाई आहे मी, पण त्या दिवशी हात जोडल्यासारखी बोलले. म्हटलं, आता तरी द्या, माणूस जाऊन राह्यला.

तो म्हणाला, "ती वस्तू आता माझ्याकडे नाही, ताई. बाहेर गेली. परदेशात, फार चांगल्या जागी आहे."

विकली होती. माझ्या बापाचं भांडण त्यानं विकलं, माझ्या काकांचं पोट विकलं.

काका गेले त्या सकाळी मी माहेरीच होते. दुकान उघडलेलं नव्हतं. काकांचा मुलगा दारात आला.  बाबांना म्हणाला, "काका, तो मोतिया सदरा हाय का अजून? बापानं सांगून ठेवलं होतं. म्हणे, नेताना तोच घालजा."

बाबांनी वरच्या फळीवरून सदरा काढला. धूळ झटकली.  मग स्वतःच रस्ता ओलांडून गेले आणि स्वतःच काकांना घातला. मुलगा मागाहून मला म्हणाला की बाबा बटणं लावता लावता बोलत होते. आपल्या आवाजात बोलायचे आणि काकांच्या आवाजात उत्तर द्यायचे.

स्मशानातही आमच्याकडे अग्नी दिला की मागं वळून न पाहता निघायचं असतं. सगळे निघाले, बाबा निघाले नाहीत. लोकांनी ओढलं तर म्हणाले, "एक डाव पाठ फिरवली होती म्या." आणि उभे राहिले. घरी आले तेव्हा डोळे धुरानं लाल झाले होते. आईला म्हणाले, "जळाला. पाह्यला म्या." आईनं त्या दिवशी दोन पानं वाढली. बाबा एका पानावर जेवले आणि दुसऱ्याकडे पाहत राहिले.

त्या शूटिंगवाल्याला ह्यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणार नाही. सांगितलं तर त्याचाही पिक्चर काढेल.

पुढं बाबाही गेले. आता त्यांचा आवाज कुठंच नाही, फक्त त्याच्या पिक्चरमध्ये आहे. त्या भुताटकीच्या संगीताखाली माझा बाप बोलतो आहे, काकांच्या आवाजात, बाईच्या आवाजात. मला कधीकधी तो ऐकावासा वाटतो. मन इतकं करतं की काय सांगू. पण त्यासाठी त्या माणसाचं काम पाहावं लागेल, म्हणून मी पाहत नाही. लोक म्हणतात, त्याचे उपकार माना, आवाज तरी राहिला. चोरानं आपलीच वस्तू दुरून दाखवली तर उपकार म्हणायचे का?

बडग्या आमच्या घरी माळ्यावर आहे. उंदरांनी एकदा पाय कुरतडला, मी नवा केला. दर पोळ्याला खाली काढते, ऊन देते, बंडी झटकते. आर्वीला शिवेपर्यंत फिरवून परत आणते. बाबा म्हणाले होते तसंच झालं, तो घरातलाच झाला. माझ्या नवऱ्याच्या शर्टाला किती बटणं आहेत ते मला सांगता येणार नाही, पण त्याच्या बंडीची पाच बटणं मला अंधारात सापडतात. हा माझा तोटा आहे, मला कळतं. कळून करते आहे.

मधल्या काळात "मागं पाह्य बे" ही गोष्ट जिल्ह्यात पसरली. पुन्हा एकदा तो वर्ध्याला भाषणाला आला तेव्हा तोंड उघडायच्या आधीच मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मागं पाह्य बे!" आणि त्यानं खरंच मागं पाहिलं. अख्खा हॉल हसला. म्हणतात की हार तसाच टेबलावर टाकून तो निघून गेला.

मग त्याचा फोन आला. आपणहून, पहिल्यांदाच. आवाज म्हातारा झाला होता.

"ताई, तो माझा पुतळा अजून आहे म्हणे तुमच्याकडे."

"आहे ना."

"लोक फोटो पाठवतात एकमेकांना. माझ्या नातवानंसुद्धा पाहिला. हसतात हो सगळे." मग म्हणाला, "जाळून टाका ना तो. तुमच्यात जाळायची पद्धतच आहे ना?"

किती वर्षं मी ह्या फोनची वाट पाहिली होती! मी खुर्ची ओढून आरामात बसले.

"असं कसं म्हणता?" मी त्याच्यासारखीच गोड बोलले. "इतकं सुंदर काम जाळून टाकायचं? मी वाचवलं ना तुम्हाला."

तो काहीतरी बोलत होता. मी फोन ठेवला. मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले, कारण बंडीची बगल उसवली होती आणि पोळा जवळ आला होता.